ट्राम नसलेल्या शहराची ‘नुमाइश’

दरवर्षी १ जानेवारीला हैदराबादच्या नामपल्ली भागातील प्रदर्शन मैदानाचे दरवाजे उघडतात आणि १५ फेब्रुवारीपर्यंत शहराची संध्याकाळ त्या दिशेने वाहू लागते. काश्मिरी शाली आणि सुकामेवा, लखनौचे चिकनकाम, खुर्ज्याची चिनी मातीची भांडी, मुरादाबादी पितळ, मिरचीभजी आणि हलीम, उंच फिरते पाळणे, ‘मौत का कुआँ’ आणि मैदानातून डुलत फिरणारी मुलांची आगगाडी, हे सारे तेथे एकाच आवारात भेटते. या प्रदर्शनाचे अधिकृत नाव ‘अखिल भारतीय औद्योगिक प्रदर्शन’ असे भारदस्त आहे. पण हैदराबादकर त्याला केवळ ‘नुमाइश’ म्हणतात. उर्दूत या शब्दाचा अर्थ प्रदर्शन एवढाच.

गोमंतकीय माणसाला हे वर्णन ऐकून जत्रा आठवेल. खाज्याच्या राशी, खेळण्यांची दुकाने, पाळणे आणि गर्दी आपल्याकडेही असतेच. पण जत्रा तिथीला बांधलेली असते आणि फेस्ताची फेरी एखाद्या संताच्या दिवसाला. देव आधी असतो, बाजार त्याच्या मागून येतो. नुमाइशीच्या मुळाशी असा देव नाही. ती एका हिशेबातून जन्माला आली. हा हिशेब कोणता होता आणि तो कोणी मांडला, हे समजून घेण्यासाठी आधी त्याच काळाच्या आसपास जगाच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्याच हिशेबातून उभ्या राहिलेल्या काही बागांकडे पाहावे लागते. त्या बागांना अमेरिकेत ‘ट्रॉली पार्क’ म्हणत.

रुळांच्या टोकाची बाग

विजेवर चालणारी ट्राम डोक्यावरच्या तारेतून वीज घेते. त्या तारेला टेकलेल्या दांड्याच्या टोकाशी एक लहानसे चाक असे. त्याला ट्रॉली म्हणत आणि त्यावरून अमेरिकेत ट्रामलाच ट्रॉली हे नाव पडले. १८८८ मध्ये फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने व्हर्जिनियातील रिचमंड शहरात विजेच्या ट्रामचे मोठे जाळे यशस्वीपणे चालवून दाखवले. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत अमेरिकेतील शहरोशहरी घोड्यांच्या ट्रामा मागे पडल्या आणि खासगी कंपन्यांनी विजेचे रूळ शहराच्या वेशीबाहेरपर्यंत नेले.

या कंपन्यांपुढे एक अडचण होती. सोमवार ते शनिवार कारखान्यांत आणि कचेऱ्यांत जाणाऱ्यांची गर्दी असे; रविवारी आणि संध्याकाळी उशिरा डबे रिकामे धावत. रूळ, डबे, वीजघर यांवरील खर्च मात्र गर्दी असो वा नसो, सारखाच होता. रिकामे डबे भरायचे तर लोकांना प्रवास करण्यासाठी कारण द्यायला हवे होते. म्हणून कंपन्यांनी मार्गाच्या शेवटच्या थांब्यापाशी स्वस्त जमीन घेतली, तेथे झाडे लावली, तळे असेल तर होड्या ठेवल्या, नाचासाठी लाकडी सभागृह बांधले, वाद्यवृंद बसवला. हजारो विजेच्या दिव्यांची रोषणाई केली. घरात अजून दिवाबत्तीला रॉकेल वापरणाऱ्या कामगार कुटुंबाला ती रोषणाई हेच मोठे आकर्षण होते. अनेक बागांत प्रवेश विनामूल्य असे. कंपनीचे पैसे ट्रामच्या भाड्यातूनच वसूल होत.

पिट्सबर्गजवळचे केनीवुड हे या पद्धतीचे ठळक उदाहरण. मोनोंगाहेला स्ट्रीट रेल्वे कंपनीने १८९८ मध्ये ते वसवले. तेथे १९२० मध्ये उभारलेला ‘जॅक रॅबिट’ हा लाकडी झुलता रेल्वेमार्ग आजही चालतो. पेनसिल्व्हेनियातीलच आल्टूना येथील लेकमाँट पार्क १८९४ मध्ये अशाच एका ट्राम कंपनीने सुरू केले. तेथील १९०२ चा ‘लीप द डिप्स’ हा टिकून असलेल्या अशा मार्गांपैकी जगातील सर्वांत जुना समजला जातो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेत अशा शेकडो बागा होत्या.

जपानमध्ये हीच कल्पना आणखी पुढे गेली. ओसाकाजवळ १९१० मध्ये सुरू झालेल्या एका विद्युत रेल्वेचे सूत्रधार इचिझो कोबायाशी यांनी मार्गाच्या टोकाला ताकाराझुका या गावी स्नानगृहे बांधली आणि त्यांच्या आकर्षणासाठी केवळ मुलींची एक गायननृत्य मंडळी उभी केली. १९१४ मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. ताकाराझुकाची ती मंडळी आज जपानच्या रंगभूमीचा मानबिंदू आहे. पण तिचा जन्म आगगाडीची तिकिटे खपावीत म्हणून झाला होता.

ज्याच्यासाठी बाग, त्याच्याबरोबर अस्त

दुसऱ्या कोणाच्या तरी धंद्यासाठी उभी केलेली गोष्ट त्या धंद्याबरोबरच संकटात सापडते. १९२० नंतर अमेरिकेत मोटारगाड्या सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्या. रविवारी फिरायला निघालेल्या कुटुंबाला रुळांच्या टोकालाच जाण्याचे बंधन उरले नाही. १९२९ नंतरच्या मंदीने लोकांच्या खिशातील सुटे पैसेही काढून घेतले. १९३५ च्या एका कायद्यामुळे वीज कंपन्यांना ट्रामसारखे जोडधंदे सोडून देणे भाग पडले. ट्राम गेली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या बहुतेक बागाही गेल्या. केनीवुडसारख्या ज्या मोजक्या बागा वेळीच ट्राम कंपनीच्या हातून सुटून स्वतंत्र झाल्या होत्या, त्यांतल्याच काही टिकल्या.

लाकडी बांधकाम आणि विजेचे दिवे यांच्या जोडीने आणखी एक शत्रू आणला होता, तो म्हणजे आग. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील ‘ड्रीमलँड’ हे भव्य उद्यान २७ मे १९११ च्या पहाटे पूर्ण जळून गेले आणि पुन्हा उभे राहिले नाही.

आणि या बागांची दारे सर्वांना उघडी नव्हती. वॉशिंग्टनजवळच्या ग्लेन एको पार्कची मालकी बरीच वर्षे तेथील ट्राम कंपनीकडे होती. त्या बागेत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. ३० जून १९६० रोजी हॉवर्ड विद्यापीठातील काही विद्यार्थी तेथील लाकडी घोड्यांच्या चक्रावर जाऊन बसले आणि त्यांना अटक झाली. निदर्शने चालू राहिली आणि १९६१ च्या हंगामापासून बाग सर्वांना खुली झाली. १९६८ मध्ये ती करमणुकीची बाग म्हणून बंद पडली. १९२१ चे ते घोड्यांचे चक्र मात्र आज राष्ट्रीय उद्यान खात्याच्या देखरेखीखाली जपलेले आहे.

भारतात ट्राम आली, बाग आली नाही

भारतात ट्राम नव्हती असे नाही. मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची आणि ७ मे १९०७ पासून विजेची ट्राम धावू लागली. मद्रासमध्ये विजेची ट्राम १८९५ मध्येच आली होती. कलकत्ता, दिल्ली, कानपूर येथेही ट्रामा होत्या. तरीही ट्राम कंपनीने वेशीबाहेर बाग वसवावी आणि रविवारी लोकांना तिकडे न्यावे, ही रीत येथे रुजली नाही. आपल्या ट्रामा दाट वस्तीतून, बाजारपेठांतून आणि गोदींच्या रस्त्यांवरून जात. त्यांना रिकाम्या डब्यांची नव्हे, गर्दीची चिंता होती. शिवाय फिरायला जाण्याची ठिकाणे, म्हणजे चौपाटी, देवस्थान, जत्रा, आधीपासूनच होती.

हैदराबादला तर ट्राम कधी आलीच नाही. तेथील वाहतुकीची कथा निराळी आहे. निजामाच्या राज्यातील आगगाडी १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद या मार्गाने सुरू झाली. नामपल्लीचे स्थानक १९०७ मध्ये उभे राहिले. ही रेल्वे प्रारंभी कंपनीकडे होती. १९३० मध्ये राज्य सरकारने ती विकत घेतली. १९३२ च्या जूनमध्ये याच रेल्वे खात्याने २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन बससेवा सुरू केली. आजच्या तेलंगण आणि आंध्र प्रदेश राज्य परिवहन महामंडळांचे मूळ तेथे आहे. रेल्वे आणि बस दोन्ही एकाच सरकारी खात्याच्या हाती असल्यामुळे रविवारी डबे भरण्यासाठी बाग काढण्याची निकड कोणाला भासली नाही. नामपल्ली स्थानकाजवळच ‘बाग-ए-आम’ नावाची सार्वजनिक बाग आधीपासून होती. ती दरबारी खर्चाने राखली जाई आणि तिच्याकडून कोणी उत्पन्नाची अपेक्षा ठेवली नव्हती. याच बागेत १९३८ मध्ये पहिली नुमाइश भरली.

पाहणीसाठी पैसा हवा होता

त्या वेळचे हैदराबाद संस्थान सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे होते आणि त्याची लोकसंख्या दीड कोटीच्या वर होती. तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे एका राज्यात नांदत होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे याच राज्याचा भाग होते. संस्थानाचे स्वतःचे नाणे होते, स्वतःचे टपाल होते आणि सीमेवर स्वतःची जकात होती. त्यामुळे ‘आपला माल’ आणि ‘बाहेरचा माल’ हा भेद तेथे केवळ भावनेचा नव्हता. तो जकात नाक्यावर मोजला जात होता.

त्याच राज्यात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले होते. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी उर्दूतून देण्याचा प्रयोग तेथे चालला होता. वीस वर्षांत त्याच्या पदवीधरांची एक पिढी बाहेर पडली. नोकऱ्यांत बाहेरच्यांना झुकते माप मिळते, अशी त्या पिढीची तक्रार होती. ‘मुल्की’ म्हणजे या मुलखातला आणि ‘गैरमुल्की’ म्हणजे बाहेरचा, हे दोन शब्द त्या काळच्या हैदराबादच्या सार्वजनिक जीवनात सतत ऐकू येत. राज्यात नेमके काय पिकते, काय बनते, कोणता कारागीर कोठे आहे, त्याचा माल कोठे खपतो, हे मोजले पाहिजे असे या पदवीधरांच्या संघटनेतील अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना वाटू लागले. राज्याची आर्थिक पाहणी करायची तर पैसा लागणार होता. तो उभा करण्याचा मार्ग म्हणून प्रदर्शनाची कल्पना पुढे आली. माल एका जागी मांडला की लोकांना तो दिसेल, कारागिराला गिऱ्हाईक मिळेल आणि पाहणीसाठी निधीही जमेल, असे हे एकात एक गुंतलेले उद्दिष्ट होते.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या हस्ते १९३८ मध्ये पहिल्या प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. राज्याचे पंतप्रधान त्या वेळी सर अकबर हैदरी होते. प्रदर्शनाला नाव देण्यात आले ‘नुमाइश मसनूआत-ए-मुल्की’, म्हणजे देशी बनावटीच्या वस्तूंचे प्रदर्शन. दुकाने होती सुमारे ५० आणि मुदत दहा दिवसांची. हाती केवळ अडीच रुपये असताना हा उद्योग आरंभला गेला, असे हैदराबादेत आजही कौतुकाने सांगितले जाते.

‘मसनूआत’ या शब्दाच्या पोटात त्या राज्यात पुष्कळ काही सामावत होते. बिदरची काळ्या धातूवर चांदीचे जडावकाम केलेली भांडी, औरंगाबादचे हिमरू, पैठणची पैठणी, निर्मलची रंगीत लाकडी खेळणी, करीमनगरचे चांदीच्या तारेचे नाजूक काम. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या नेसली जाणारी नारायणपेठ साडी ज्या गावावरून ओळखली जाते, ते गावही याच संस्थानात होते आणि आज ते तेलंगणात आहे. हातमागाच्या जोडीला यंत्रही येत होते. वरंगळची आझम जाही गिरणी, नांदेडची उस्मान शाही गिरणी, बोधनचा साखर कारखाना, शहाबादचे सिमेंट आणि सिंगरेणीचा कोळसा ही त्या काळच्या हैदराबादच्या औद्योगिक महत्त्वाकांक्षेची नावे होती. कारागीर आणि कारखानदार दोघांनाही एकाच अंगणात उभे करणारे प्रदर्शन अशा वेळी आले.

अमेरिकेतील बाग आणि हैदराबादची नुमाइश यांतला मूळ फरक येथे स्पष्ट होतो. ट्रॉली पार्कला माणूस प्रवासी म्हणून हवा होता. नुमाइशीला तो गिऱ्हाईक म्हणून हवा होता, आणि त्याहूनही अधिक आपल्या राज्यात काय बनते याचा साक्षीदार म्हणून. पाळणे आणि खाऊची दुकाने दोन्हीकडे होती. पण ती ज्या कारणासाठी होती, ते कारण वेगळे होते.

‘मुल्की’कडून ‘अखिल भारतीय’कडे

प्रदर्शन लोकांना आवडले. मुदत वाढत गेली आणि बाग-ए-आमची जागा अपुरी पडू लागली. १९४६ मध्ये, सर मिर्झा इस्माईल पंतप्रधान असताना, नामपल्लीजवळच वीसहून अधिक एकरांचे मैदान प्रदर्शनासाठी मिळाले. मैसूर आणि जयपूर ही शहरे देखणी करणारे प्रशासक म्हणून मिर्झा इस्माईल यांची ख्याती होती. हैदराबादेतील त्यांची कारकीर्द अल्प ठरली. पण हे मैदान त्या काळाची खूण म्हणून राहिले.

पुढची दोन वर्षे नुमाइश भरली नाही. १९४७ आणि १९४८ ही हैदराबादच्या इतिहासातील अस्वस्थ वर्षे होती. भारत स्वतंत्र झाला तरी संस्थान भारतात सामील झाले नव्हते. रझाकारांचा हैदोस, खेड्यांतील लढे आणि मराठवाड्यातून सीमेपलीकडे गेलेले कार्यकर्ते यांच्या आठवणी मराठी वाचकाला परिचित आहेत. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याच्या कारवाईने त्या पर्वाचा शेवट झाला. १९६१ च्या डिसेंबरात गोव्याने जे पाहिले, त्याच्याशी ताडून पाहावा असा हा प्रसंग आहे.

१९४९ मध्ये प्रदर्शन पुन्हा भरले, तेव्हा उद्घाटनाला भारताचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी आले होते. नाव बदलून ‘अखिल भारतीय औद्योगिक प्रदर्शन’ झाले. बदल वरवर शब्दांचा दिसतो. प्रत्यक्षात प्रदर्शनाचे प्रयोजनच पालटले. सीमेवरचा जकात नाका गेल्यावर ‘मुल्की माल’ या कल्पनेला पूर्वीचा अर्थ उरत नव्हता. ज्या प्रदर्शनाने बाहेरच्या मालापासून वेगळे असे आपले काही दाखवायचे होते, त्यानेच आता काश्मीरपासून केरळपर्यंतच्या व्यापाऱ्यांसाठी दारे उघडली. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होऊन मराठी आणि कन्नड जिल्हे वेगळे झाले, २०१४ मध्ये तेलंगण स्वतंत्र राज्य झाले. ज्या राज्याच्या मालासाठी नुमाइश सुरू झाली, ते राज्य नकाशावरून नाहीसे झाले, नुमाइश राहिली.

आज तेथे दोन हजारांच्या आसपास दुकाने लागतात आणि एका हंगामात येणाऱ्यांची संख्या वीस लाखांच्या घरात जाते. हंगामातील एक दिवस केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवण्याची प्रथा आहे. पडदा पाळणाऱ्या अनेक घरांतील स्त्रियांना स्वतः भाव करून, स्वतः निवडून खरेदी करण्याची मोकळीक त्या दिवशी मिळत असे. ग्लेन एकोच्या फाटकाशी तुलना केली तर या एका दिवसाचे मोल कळते. सार्वजनिक करमणुकीच्या जागी कोण निर्धास्तपणे येऊ शकते, यावर ती जागा खरोखर किती सार्वजनिक आहे हे ठरते.

गल्ला कोणाचा?

नुमाइश टिकण्याचे एक कारण तिच्या मालकीच्या स्वरूपात आहे. ती कोणा कंपनीची नाही. ‘एक्झिबिशन सोसायटी’ नावाची नोंदणीकृत संस्था ती चालवते. तिचे अध्यक्षपद बहुधा राज्याच्या एखाद्या मंत्र्याकडे असते आणि प्रत्यक्ष कारभार मानद पदाधिकारी पाहतात. दुकानांची भाडी आणि प्रवेशाची तिकिटे यांतून उरणारे उत्पन्न शिक्षणावर खर्च होते. या संस्थेच्या आधाराने तेलंगणात दीड डझनाहून अधिक शैक्षणिक संस्था चालतात. त्यांतील कमला नेहरू पॉलिटेक्निक आणि सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय या मुलींच्या संस्था तर प्रदर्शन मैदानाच्या आवारातच आहेत. म्हणजे जानेवारीत पाळण्यात बसणाऱ्या मुलाच्या तिकिटातला काही अंश जूनमध्ये कोणा मुलीच्या वर्गखोलीत पोहोचतो.

आर्थिक पाहणीसाठी निधी गोळा करण्याचा जो मूळ हेतू होता, त्याचेच हे पुढचे रूप म्हणता येईल. पदवीधरांनी सुरू केलेल्या कामाचे उत्पन्न नव्या पदवीधरांकडे वळले. ट्रॉली पार्कचे उत्पन्न ट्रामच्या ताळेबंदात जमा होत असे. ट्रामचा ताळेबंद बिघडला तेव्हा बागेला वाचवण्यात कोणालाच रस उरला नाही. नुमाइशीच्या उत्पन्नावर महाविद्यालये अवलंबून आहेत, म्हणून ती बंद पडू नये असे वाटणारी माणसे शहरात भरपूर आहेत. मात्र यालाही दुसरी बाजू आहे. शिक्षणाचा खर्च जत्रेच्या उत्पन्नावर टेकलेला असला की एक हंगाम बुडणे म्हणजे केवळ करमणूक बुडणे राहत नाही.

३० जानेवारी २०१९

तो धोका प्रत्यक्ष दिसला ३० जानेवारी २०१९ च्या रात्री. साडेआठच्या सुमारास मैदानातील दुकानांना आग लागली. कापड, लाकूड, प्लॅस्टिक आणि एकमेकांना खेटून उभे केलेले तात्पुरते मांडव यांमुळे ती भराभर पसरली आणि शंभराहून अधिक दुकाने खाक झाली. गर्दीच्या वेळी लागलेल्या या आगीत जीवितहानी झाली नाही, हे मोठे सुदैव. पण हंगामी व्यापाऱ्याचे सारे भांडवल दीड महिन्याच्या त्या एका दुकानात गुंतलेले असते. दूरच्या राज्यातून माल घेऊन आलेल्या माणसासाठी एका रात्रीतली राख म्हणजे साऱ्या वर्षाची उपासमार असते.

प्रदर्शन काही दिवसांत पुन्हा सुरू झाले. परंतु प्रश्न तेथे थांबला नाही. सुरक्षेच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. अग्निशमन दलाची परवानगी, दुकानांमधील अंतर, बाहेर पडण्याचे मार्ग आणि मैदानातील पाण्याचा साठा या गोष्टींकडे पूर्वी ज्या सहजतेने पाहिले जाई, ती सहजता संपली. पुढच्या हंगामापासून जमिनीखाली पाण्याच्या टाक्या आणि नळांची व्यवस्था करण्यात आली. सहा-सात दशके एकाच पद्धतीने भरत आलेल्या बाजाराला पहिल्यांदाच आपली मांडणी तपासून पाहावी लागली.

पाठोपाठ साथ आली. २०२१ मध्ये नुमाइश भरली नाही. २०२२ मध्ये १ जानेवारीला उद्घाटन झाले आणि दुसऱ्याच दिवशी ती बंद करावी लागली. फेब्रुवारीच्या अखेरीस ती पुन्हा उघडली. शहराने ज्या संध्याकाळी गृहीत धरल्या होत्या, त्या गृहीत धरता येत नाहीत, हे या तीन-चार वर्षांनी शिकवले.

मेट्रोचा फलाट

याच काळात आणखी एक बदल घडला आणि त्याने ट्रॉली पार्कची जुनी कथा अनपेक्षितपणे हैदराबादच्या दाराशी आणून ठेवली. सप्टेंबर २०१८ मध्ये मेट्रोचा अमीरपेठ ते एल. बी. नगर हा टप्पा सुरू झाला. नामपल्ली आणि गांधी भवन ही दोन स्थानके याच मार्गावर, प्रदर्शन मैदानाच्या अगदी जवळ आहेत. वाहने लावायला जागा नाही म्हणून नुमाइशीला जाणे टाळणारी कुटुंबे आता मेट्रोने येऊ लागली. अलीकडच्या हंगामांत नुमाइशीसाठी मेट्रोच्या शेवटच्या गाड्यांची वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवली जाते. रुळांवरची गाडी आणि करमणुकीचे मैदान यांची जोडी ट्राम नसलेल्या शहरात अशी ऐंशी वर्षांनी जुळली.

मेट्रोचा हिशेबही जुन्या ट्राम कंपन्यांच्या हिशेबाची आठवण करून देणारा आहे. केवळ भाड्यावर खर्च भागत नाही म्हणून हैदराबादेत मेट्रो चालवणाऱ्या खासगी कंपनीने पंजागुट्टा, एर्रमंझिल, हायटेक सिटी आणि मूसारामबाग येथील स्थानकांजवळ व्यापारी संकुले उभारली. लोकांनी संकुलात यावे, येताना मेट्रो वापरावी आणि दोन्हीकडून उत्पन्न मिळावे, हे गणित शंभर वर्षांपूर्वी पिट्सबर्गच्या ट्राम कंपनीने मांडलेल्या गणितापेक्षा फारसे वेगळे नाही. तरीही मेट्रोचा तोटा भरून निघाला नाही. २०२५ मध्ये कंपनीने या प्रकल्पातून अंग काढून घेण्याची आणि राज्य सरकारने तो हाती घेण्याची वाटाघाट सुरू झाली. वाहतूक आणि करमणूक यांची जोडी आकर्षक असली तरी ती दोघांनाही तारेलच असे नाही, हा ट्रॉली पार्कचा धडा येथेही लागू पडतो.

नुमाइशीपुढचे प्रश्न आता वेगळे आहेत. काश्मिरी शाल आणि लखनवी कुर्ता मोबाइलवर वर्षभर मागवता येतो. शहराच्या मध्यभागी वीसहून अधिक एकर मोकळी जमीन ही आजच्या हैदराबादेत मोहात पाडणारी गोष्ट आहे. गर्दी आणि वाहतुकीच्या कोंडीमुळे प्रदर्शन शहराबाहेर हलवावे, अशी सूचना अधूनमधून होते. बाहेर नेल्यास सुरक्षित आणि प्रशस्त जागा मिळेल. पण स्थानकावर उतरून चालत येणारा सामान्य माणूस तेथे त्याच संख्येने पोहोचेल का, याचे उत्तर सोपे नाही. रुळांच्या टोकाला वसवलेल्या बागांचे भवितव्य त्या रुळांशी कसे बांधले गेले, हे अमेरिकेने पाहिले आहे.

गोव्यासारख्या लहान राज्यातही लोकोत्सवापासून जत्रांपर्यंत दरवर्षी मोकळ्या जागांवर बाजार भरतात. त्यांचे पाळणे, खाऊ आणि रोषणाई सर्वांना दिसते. त्या जागेची मालकी कोणाकडे आहे, दुकानांच्या भाड्याचा पैसा पुढे कोठे जातो आणि मांडवांमधून आगीचा बंब जाण्याइतकी वाट मोकळी ठेवली आहे की नाही, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. नामपल्लीच्या मैदानाने या तीनही प्रश्नांची उत्तरे कधी स्वतःहून, तर कधी किंमत मोजून शोधली आहेत. पहिल्या दोन उत्तरांनी नुमाइशीला टिकवले. तिसरे उत्तर दर १ जानेवारीला, दरवाजे उघडण्यापूर्वी, नव्याने द्यावे लागते.